वजन उतरलं, कातडी उरली: एका शस्त्रक्रियेचा इतिहास वऱ्हाडातून पाहताना

खूप वजन कमी झाल्यावर अंगावर जी सैल कातडी उरते, तिची प्लॅस्टिक सर्जरी आणि त्या सर्जरीचं नियोजन, हा आजचा विषय. इतिहासाच्या मालेत हा कुठून आला, असं काहींना वाटेल. पण या शस्त्रक्रियेला ‘श्रीमंतांची हौस’ म्हणून बाजूला सारलं जातं ते तिचा इतिहास माहीत नसल्यामुळेच, असं माझं मत आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१८९९ साल घ्या. अमेरिकेत बाल्टिमोरला हॉवर्ड केली नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं एका बाईच्या पोटावरचा लोंबता चरबीचा थर कापून काढला. तुकडा जवळजवळ साडेसात किलोचा होता. पोटाच्या प्लॅस्टिक सर्जरीचा इतिहास सांगताना हे साल हमखास येतं. आणि त्याच साली आपल्या वऱ्हाडात पाऊस गेला. संवत १९५६, म्हणून छप्पन्नचा दुष्काळ. १८९१च्या जनगणनेत वऱ्हाडात सुमारे २८ लाख ९७ हजार माणसं होती, १९०१ला सुमारे २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत वाढ सोडाच, जवळपास दीड लाखांची घट! ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात त्या मुलखात.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या त्या गंमत म्हणून नाही. दुष्काळ पाहिलेल्या समाजात शरीराची भाषाच वेगळी घडते. आपल्याकडे ‘अंगानं भरली’ ही तारीफ आहे. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणजे पोट सुटलेला. आणि ‘वाळला’ म्हटलं की काळजी. चाळीस किलो वजन घटवलेला माणूस बाजारात गेला की पहिला प्रश्न काय येतो? ‘काहून गा, शुगर निघाली का?’ त्यात गळ्याखाली, दंडाखाली कातडी लोंबत असेल तर लोकांची खात्रीच पटते. मग तो माणूस उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, बाई लग्नाला जायचं टाळते. मेहनत करून वजन उतरवलं आणि आजारी दिसायला लागलो, ही जखम छोटी नाही.

वजन उतरवायची चळवळ मराठी मुलखात पसरली तीही व्याख्यानांतून, हे विसरू नका. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार ‘भूक लागेल तेव्हाच खा, दिवसातून दोनदाच खा’ असं सांगत फिरले. ते २००४ला अपघातात गेले. तोच धागा पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी उचलला, आणि जिचकारांचं ऋण ते उघड मान्य करतात. त्याशिवाय पोटाची बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया आली. तिची मुळं १९५०च्या दशकातल्या अमेरिकेत आहेत. २०२५मध्ये वजनाची नवी इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. मार्ग कुठलाही असो, वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले लवचीक तंतू पूर्वीसारखे आक्रसत नाहीत. व्यायामानं स्नायू भरतो, कातडी आत जात नाही. मलमानं तर नाहीच. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, पोटाच्या घडीखाली घाम साचतो, बुरशी होते, कातडी सोलते. हा सौंदर्याचा प्रश्न आहे असं म्हणणाऱ्यानं एक उन्हाळा तसा काढून पाहावा.

आता नियोजन. प्लॅस्टिक सर्जरीत सुरी नंतर येते, आराखडा आधी. याचा गाजलेला दाखला आपल्या पुण्याचाच आहे. कावसजी नावाचा बैलगाडीवाला इंग्रजी फौजेबरोबर होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं १७९४च्या ऑक्टोबरात ती हकीकत छापली. त्या माणसानं आधी काय केलं? मेणाचा पातळ तुकडा घेऊन तुटक्या नाकावर नाकाचा आकार केला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढीच कातडी सोडवून, भुवयांच्या मधला देठ न तोडता खाली वळवली. चिकटवायला कात, आपल्या पानातला. देठ कापला तो सुमारे पंचविसाव्या दिवशी. मोजमाप, रक्ताचा पुरवठा आणि थांबणं! आजचा सर्जन रुग्णाला उभं करून पेननं पोटावर रेघा मारतो ना, ती त्याच मेणाच्या तुकड्याची पणती.

थांबणं हा भाग मात्र आपण अमरावतीत राहून नीट समजू शकतो. १९४६ला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, कुष्ठरुग्णांसाठी. त्याच सुमारास, १९४८पासून, वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगानं आखडलेल्या बोटांवर स्नायुबंध फिरवून शस्त्रक्रिया सुरू केल्या. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे, तिथेही अशा शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. तिथला नियम साधा आहे. आधी रोग आटोक्यात आणा, काही महिने तो स्थिर राहू द्या, बोटांचे व्यायाम करा, मगच सुरी. घाई केली तर हात पुन्हा आखडतो. आणि नागपूरच्या मेडिकलमध्ये १९५८ला डॉ. सी. बालकृष्णन यांनी जो विभाग उभा केला, त्याचं नाव भारतातला पहिला स्वतंत्र प्लॅस्टिक सर्जरी विभाग म्हणून घेतलं जातं. म्हणजे हे शास्त्र विदर्भाला परकं नाही. ब्राझीलच्या पितांगींनी १९६०च्या दशकात पोटाची शस्त्रक्रिया नावारूपाला आणली, पुढे लॉकवूड या अमेरिकन सर्जननं कंबरेभोवतीची कातडी एकत्र ओढून घ्यायची रीत बसवली. हे ओघात सांगितलं.

मग आज अकोल्या-अमरावतीचा रुग्ण काय ठरवतो? वजन निदान तीन ते सहा महिने एका जागी थांबलेलं हवं. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष गेलेलं हवं. रक्त, लोह, बी-बारा आणि प्रथिनं तपासायची; जखम प्रथिनांवर भरते, नुसत्या भाकरी-ठेच्यावर नाही. पुढे मूल हवं असेल तर पोटाची शस्त्रक्रिया त्यानंतर. आणि खर्रा! हे मी हात जोडून सांगतो. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि ताणून शिवलेल्या कातडीची कड काळी पडते. किमान चार आठवडे आधी बंद, आणि जखम भरेपर्यंत बंद. सर्जनपासून लपवलेला खर्रा टाक्यांमध्ये दिसतोच.

सगळं एका दिवशी करू नका. बहुतेक सर्जन आधी पोट-कंबर, मग दंड-छाती, मग मांड्या असे टप्पे पाडतात, मध्ये तीनेक महिने. लांब शस्त्रक्रियेत पायात रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. नंतर काही आठवडे घट्ट पट्टा घालायचा असतो, तो मे महिन्यात अंगावर ठेवणं अशक्यच. दिवाळीनंतर करावं तर कापसाची वेचणी, आणि सहा आठवडे ओझं उचलायचं नाही. शेतकरी घराला खरी फट सापडते ती संक्रांतीनंतर, आणि तीही हरभऱ्याच्या काढणीला दुसरं कोणी असेल तर. व्रण लांबच लांब राहतील, कंबरभर. हे आधी मान्य असेल तरच पुढे जा.

शेवटी पैशाचं. विमा नियामकानं २०१९मध्ये ठरवलेल्या नियमांत वजनाच्या शस्त्रक्रियेला अटींवर जागा आहे: बीएमआय चाळीस, किंवा गंभीर आजारांसह पस्तीस. पण प्लॅस्टिक सर्जरी वगळलेली, अपवाद अपघात, भाजणं, कर्करोग, किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरनं प्रमाणित केलं तर. म्हणजे चरबी हा आजार, आणि तिनं मागे ठेवलेली कातडी ही हौस! मला हे पटत नाही. पण नियम आहे तोवर कागद आपल्या बाजूनं करावे लागतात. घडीखालची जखम दर वेळी डॉक्टरांना दाखवा, तारखेसह नोंद घ्या, फोटो ठेवा, औषधांच्या चिठ्ठ्या फेकू नका, आणि शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी विमा कंपनीचं उत्तर लेखी मागा.