रुग्णालयातील नियमित विषाणू-चाचणी

रुग्णालयातील किंवा डायलिसिस केंद्रातील कर्मचाऱ्यांची व रुग्णांची, लक्षणे नसतानाही ठरावीक अंतराने केली जाणारी विषाणूंची तपासणी. लागण वॉर्डात पसरण्याआधीच ती हुडकून काढणे हा तिचा हेतू.

महाराष्ट्रात तिची निकड एप्रिल २०२० मध्ये ठळकपणे दिसली. मुंबई सेंट्रल येथील वोक्हार्ट रुग्णालयातील २६ परिचारिका व ३ डॉक्टर करोनाबाधित निघाले आणि महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात ते रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र ठरले. या विषाणूची लागण लक्षणांच्या साधारण दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला होऊ शकते, त्यामुळे ताप आल्यावरच स्वॅब घेण्याची पद्धत वॉर्डात अपुरी पडते. तरीही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) सर्व निरोगी कर्मचाऱ्यांची सरसकट चाचणी सुचवली नाही. मे २०२० च्या धोरणात आरोग्यसेवकांपैकी लक्षणे असलेले आणि बाधितांच्या निकट संपर्कात आलेले, एवढ्यांचाच समावेश होता. संपर्कातील व्यक्तींची चाचणी पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान एकदाच करायची होती. किट मोजकी होती हे खरे, पण जी माणसे रोज रुग्णांच्या उशाशी उभी राहत होती, त्यांचा हक्क पहिला होता.

चाचणीचा खरा कस वेळेवर लागतो. मार्च २०२० मध्ये अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात पहिला रुग्ण आढळला, तेव्हा नगरचे नमुने सुमारे १२० किलोमीटरवरील पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जात. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेवर त्या वेळी दूरदूरच्या नमुन्यांचा भार होता. रिपोर्ट येईपर्यंत परिचारिकेच्या आणखी पाळ्या होत असतील, तर आठवड्याला स्वॅब घेऊनही साथ थांबत नाही. आयसीएमआरने १४ जून २०२० रोजी परवानगी दिलेल्या जलद अँटिजेन चाचणीने निकाल अर्ध्या तासावर आणला. तिच्या मूल्यमापनात बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्केच पकडले गेले होते, म्हणून लक्षणे असूनही ती निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर बंधनकारक होती. उलट आरटी-पीसीआर बरे झालेल्या माणसातही विषाणूचे अवशेष काही आठवडे दाखवते. कामावर परतण्यासाठी ‘निगेटिव्ह’चा आग्रह धरल्याने म्हणूनच विनाकारण माणसे घरी बसतात.

रिपोर्टनंतरच्या व्यवस्थेकडे धोरणांनी पुरेसे पाहिले नाही. औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराप्रमाणेच रुग्णालयातील कंत्राटी सफाई कामगाराला किंवा वॉर्डबॉयला खाडा म्हणजे रोजगार बुडणे. पॉझिटिव्ह आल्यावर पगारी रजा मिळणार नसेल तर तो स्वॅब द्यायला कशाला पुढे येईल? सर्वांत जास्त वॉर्डांतून फिरणारी माणसे अशा वेळी तपासणीबाहेर राहतात.

लसीकरणानंतर करोनाची नियमित चाचणी मागे पडली. आयसीएमआरने १० जानेवारी २०२२ रोजी लक्षणे नसलेल्या रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वी किंवा बाळंतपणापूर्वी सरसकट चाचणी करू नये आणि तिच्यासाठी उपचार अडवू नयेत, असे बजावले. इंग्लंडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांची लक्षणांविना होणारी नियमित चाचणी ऑगस्ट २०२२ अखेर थांबली.

डायलिसिसमध्ये मात्र हिपॅटायटिसची नियमित चाचणी कायम आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो, आणि एकाच यंत्रावर दिवसाला अनेक रुग्ण येतात. अमेरिकेत १९७७ मध्ये नियमित रक्ततपासणी आणि बाधितांसाठी वेगळे यंत्र व वेगळी जागा ही शिफारस झाली. त्यानंतर तिथल्या केंद्रांतील नवी लागण झपाट्याने घटली. हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंड चाचणीत ताजी लागण काही आठवडे दिसत नाही. त्यामुळे निगेटिव्ह रुग्णाची चाचणी ठरावीक महिन्यांनी पुन्हा करावी लागते, आणि प्रत्येक रुग्णामागे हातमोजे बदलणे, यंत्र व खुर्ची पुसून निर्जंतुक करणे, इंजेक्शनची बाटली दोघांत न वापरणे हेही तितकेच काटेकोर पाळावे लागते.