क्वार्कांचे जालक-गणन

क्वार्क व त्यांना एकत्र बांधणारे प्रबल बल यांचे गणित अखंड अवकाश-कालाऐवजी ठराविक अंतरावरील बिंदूंच्या चौमितीय जालकावर मांडून ते संगणकाने सोडविण्याची पद्धती. केनेथ गेडीस विल्सन (१९३६–२०१३) या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी १९७४ मध्ये ती मांडली. क्वार्क सुटा का सापडत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा तिचा मूळ हेतू होता. प्रोटॉनाचे द्रव्यमान काढण्याचे साधन म्हणून ती उपयोगी पडेपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ गेला.

प्रोटॉन, न्यूट्रॉन इ. कण क्वार्कांचे बनलेले असतात ही कल्पना १९६४ मध्ये मरी गेल-मान व जॉर्ज झ्वाइग यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे मांडली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथील रेखीय वेगवर्धकावर १९६७ पासून झालेल्या प्रयोगांत प्रोटॉनावर आदळणारे इलेक्ट्रॉन त्याच्या आतील बिंदुवत् कणांवरून विखुरले जात असल्याचे दिसले. तथापि प्रोटॉन फोडून सुटा क्वार्क कोणासही मिळाला नाही. १९७३ मध्ये डेव्हिड ग्रॉस व फ्रँक विल्चेक यांनी आणि स्वतंत्रपणे डेव्हिड पोलिट्झर यांनी असे दाखविले की, प्रबल बलाच्या सिद्धांतानुसार (पुंज वर्णगतिकीनुसार) क्वार्क जितके जवळ येतात तितके त्यांच्यातील बल क्षीण होते. त्यामुळे अतिशय लहान अंतरावरील घटनांचे गणित श्रेणी-विस्ताराच्या नेहमीच्या रीतीने करता येऊ लागले. प्रोटॉनाच्या व्याप्तीएवढ्या अंतरावर मात्र युग्मन इतके प्रबळ होते की, श्रेणीतील पुढची पदे लहान होतच नाहीत. समीकरणे हाती आहेत, पण नित्याच्या द्रव्याचे साधे वजनही त्यांतून निघत नाही, अशी ही कोंडी होती.

विल्सन त्या वेळी कॉर्नेल विद्यापीठात होते. चुंबकाच्या क्रांतिक तापमानाजवळील वर्तनाचा त्यांचा व्यासंग होता व त्याच कार्याबद्दल त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्फटिकातील अणूंच्या मांडणीवरून परिचित असलेले जालक त्यांनी मूलकणांच्या क्षेत्रात आणले. या मांडणीत क्वार्क जालकाच्या बिंदूंवर असतात आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन क्षेत्र शेजारच्या बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर ३ × ३ आव्यूहांच्या रूपाने असते. सिद्धांताचा कणा असलेली गेज सममिती अशा रीतीने जालकावरही तंतोतंत टिकते. सर्व दिशांची समानता मात्र काही काळ गमवावी लागते. बिंदूंमधील अंतर शून्याकडे नेले म्हणजे ती परत मिळते. युग्मन प्रबळ असताना क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोडीची ऊर्जा त्यांच्यातील अंतराच्या प्रमाणात वाढत जाते, असे विल्सन यांना आढळले. ताणलेल्या दोरीप्रमाणे ही जोडी जितकी दूर करावी तितकी अधिक ऊर्जा लागते व तिचे दोन भाग कधीच सुटे होत नाहीत.

या निष्कर्षात एक उणीव होती. प्रबळ युग्मन हे विरळ जालकाचे लक्षण आहे. खरे जग म्हणजे अतिसूक्ष्म जालकाची, अर्थात क्षीण युग्मनाची, सीमा होय. पाणी व बर्फ यांच्याप्रमाणे या दोन टोकांमध्ये प्रावस्थांतर होत असेल, तर विल्सन यांचा निष्कर्ष खऱ्या जगास लागू पडणार नव्हता. ही शंका कागदावरच्या गणिताने फिटण्यासारखी नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मायकेल क्रॉइट्झ यांनी १९७९-८० मध्ये संगणकाचा आश्रय घेतला. क्षेत्राच्या अगणित रचनांमधून संभाव्यतेनुसार नमुने निवडणारी मोंटे कार्लो पद्धती त्यांनी वापरली. त्यांचे जालक बाजूस १० बिंदूंपेक्षा मोठे नव्हते व सिद्धांतही सोपा केलेला होता; परंतु प्रबळ व क्षीण युग्मनांच्या मध्ये खंड आढळला नाही. जालक-गणनाचा खरा आरंभ येथून झाला, असे मानणे वावगे नाही.

यानंतर १९८१-८२ मध्ये हर्बर्ट हँबर व जॉर्जिओ पारीझी यांनी आणि डॉन वाइनगार्टन यांनी कणांची द्रव्यमाने काढण्यास प्रारंभ केला. त्या वेळचा उत्साह टिकला नाही. बाजूस ३२ बिंदू असलेल्या जालकात १० लाखांहून अधिक बिंदू येतात आणि त्यांच्या दुव्यांवरील क्षेत्राचे वर्णन करण्यास सु. ३.३५ कोटी संख्या लागतात. त्यातही निर्वातात क्षणोक्षणी उत्पन्न व नष्ट होणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांचा परिणाम धरावयाचा, तर गणनाचा भार कित्येक पटींनी वाढतो. म्हणून या जोड्या सरळ वगळल्या जात. १९८९ मध्ये काप्री येथील परिषदेत खुद्द विल्सन यांनी निराशेचा सूर लावला. संगणकाची क्षमता सु. १० कोटी पट वाढली व गणनरीतींत मोठी सुधारणा झाली तरच प्रयोगाशी उपयुक्त तुलना शक्य होईल, असे त्यांचे मत होते.

या गणितासाठी खास संगणक बांधण्यात आले. इटलीतील एप मालिका, न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठातील यंत्रे व जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील सीपी-पॅक्स ही त्यांपैकी प्रमुख होत. सीपी-पॅक्स १९९६ मध्ये काही काळ जगातील सर्वांत वेगवान संगणक होता. याच यंत्रावरील काटेकोर गणनाने जोड्या वगळण्याच्या सोयीस्कर प्रथेचा दोष उघड केला : त्या रीतीने काढलेली द्रव्यमाने प्रयोगांपासून सु. १० टक्क्यांपर्यंत ढळतात. गणन जितके अचूक झाले तितकी ही चूक स्पष्ट झाली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. यंत्रांइतकाच वाटा नव्या रीतींचाही होता. १९८७ मध्ये सायमन ड्युएन व त्यांचे सहकारी यांनी सुचविलेली संकरित मोंटे कार्लो पद्धती त्यांत विशेष महत्त्वाची ठरली.

सर्व परिणाम धरून केलेल्या गणनास नव्या शतकात यश आले. तळ व मोहक (चार्म) या क्वार्क-प्रकारांच्या बी-सी मेसॉनाचे द्रव्यमान २००५ मध्ये अचूक मापनापूर्वीच ६,३०४ ± २० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असे वर्तविण्यात आले. फर्मी प्रयोगशाळेतील मापन सु. ६,२८७ आले. २००८ मध्ये यूरोपीय गटाने प्रोटॉनासह अनेक हलक्या कणांची द्रव्यमाने काही टक्क्यांच्या अचूकतेने काढली. प्रोटॉनातील तीन क्वार्कांची स्वतःची द्रव्यमाने मिळून सु. ९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट भरतात, तर प्रोटॉनाचे द्रव्यमान ९३८ आहे. म्हणजे नित्याच्या द्रव्याचे बहुतेक सर्व वजन क्वार्कांच्या गतीचे व त्यांना बांधणाऱ्या क्षेत्राच्या ऊर्जेचे असते. न्यूट्रॉन प्रोटॉनाहून १.२९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टने जड आहे. हा फरक उलट असता तर हायड्रोजन टिकला नसता. तोही २०१५ मध्ये गणनाने मिळाला.

अतितप्त द्रव्यात प्रोटॉन वितळून क्वार्क मोकळे होतात, याचाही अभ्यास जालकावर झाला. हे स्थित्यंतर एकदम न होता क्रमाक्रमाने घडते, असे २००६ मध्ये सिद्ध झाले. द्रव्य दाट असताना मात्र संभाव्यता ऋण अथवा सदसत् होऊन मोंटे कार्लो पद्धती निरुपयोगी ठरते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राजीव गवई व सौरेंदु गुप्ता यांनी कमी घनतेपासून श्रेणीने पुढे सरकण्याचा मार्ग अवलंबिला. गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये अशा गणनाची ब्रुकहेवन येथील अणुकेंद्र-टकरींच्या मापनांशी प्रत्यक्ष तुलना केली. या प्रदेशात अपेक्षित असलेला क्रांतिक बिंदू अद्यापि निश्चित सापडलेला नाही.

म्यूऑनाच्या चुंबकीय परिबलाचे मापन व सिद्धांत यांत फरक असल्याने नव्या बलाची शक्यता वर्तविली जात होती. एप्रिल २०२१ मध्ये फर्मी प्रयोगशाळेने हा फरक दृढ केला. त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या जालक-गणनाने तो बराच कमी केला. २०२५ मध्ये सैद्धांतिक मूल्यासाठी जालकाचाच आधार घेण्यात आला व फरक जवळजवळ उरला नाही. मात्र इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींवर आधारलेली जुनी मूल्ये वेगळी का येतात, हे उलगडलेले नाही.

ज्या प्रश्नापासून प्रारंभ झाला त्याचे गणिती उत्तरही मिळालेले नाही. जालकावरील प्रत्येक गणन क्वार्क सुटत नाही असेच दर्शविते. पण ते संख्यात्मक प्रमाण आहे, सिद्धता नव्हे. अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० मध्ये जाहीर केलेल्या सात समस्यांमध्ये अशा क्षेत्र सिद्धांताचे अस्तित्व व त्यातील किमान द्रव्यमान सिद्ध करणे ही एक समस्या असून तिच्यासाठी ठेवलेले १० लाख डॉलरचे पारितोषिक अद्याप कोणासही मिळालेले नाही.