ज्याचं गाऱ्हाणं, त्याचा शोध

भिंतीतलं सॉकेट एक आणि त्यावर चालवायची उपकरणं पाच, ही स्थिती आता घरोघरी आहे. म्हणून एक्स्टेंशन बोर्ड आणायचा. पण लॅपटॉपचा किंवा मोडेमचा अडॅप्टर एकदा त्यात खोचला, की त्याचं जाडजूड अंग शेजारचं सॉकेट झाकून टाकतं. सहा सॉकेटच्या बोर्डावर तीन-चारच पिना मावतात. जेक झीन या अमेरिकी तरुणाला विद्यार्थिदशेतच यावर तोड सुचली. बोर्ड एकसंध ठेवायचा नाही. प्रत्येक सॉकेट सांध्यावर फिरतं ठेवायचं, म्हणजे बोर्ड हवा तसा वळेल आणि प्रत्येक जाड अडॅप्टरला जागा मिळेल. २०११ मध्ये ‘पिव्हट पॉवर’ या नावानं हा बोर्ड अमेरिकेच्या बाजारात आला. मूळ कल्पना झीनची असली, तरी ती तडीला नेण्यात सातशेहून अधिक लोकांचा हात होता. त्यातले बहुतेक एकमेकांना कधी भेटलेही नव्हते. कोणी रचनेत बदल सुचवला, कोणी नाव, कोणी किंमत, आणि त्या प्रत्येकाचा विक्रीच्या पैशात लहान का होईना, वाटा ठरला होता.

हे घडवलं न्यूयॉर्कच्या ‘क्वर्की’ या कंपनीनं. घरातल्या रोजच्या वस्तू हजारो अनोळखी लोकांकडून इंटरनेटवर घडवून घ्यायच्या, हा तिचा धंदा. रीत इंटरनेटच्या पोटी जन्मलेली वाटते, पण तिचं कूळ तीनशे वर्षं जुनं आहे. त्या कुळात दोन प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत: अडचण सोडवायला कोणाला विचारायचं, आणि सोडवणाऱ्याचं नाव कुठे लिहायचं. प्रत्येक पिढीची बरकत आणि पडझड या दोन प्रश्नांशी येऊन थांबते.

मूळ पुरुष शोधायचा तर १७१४ च्या ब्रिटिश संसदेपाशी जावं लागतं. भर समुद्रात जहाजाचा रेखांश कसा ओळखायचा, हे नीट सांगेल त्याला २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस, असा कायदा संसदेनं केला. उत्तर आकाशातून येईल, अशी खगोलशास्त्रज्ञांची खात्री होती. ते आलं जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या घड्याळजीकडून, समुद्रात वेळ न चुकवणाऱ्या घड्याळाच्या रूपात. बक्षीस सर्वांसाठी खुलं होतं म्हणूनच असा माणूस पुढे येऊ शकला. मात्र आपलं श्रेय आणि पैसा पदरात पाडून घ्यायला त्याला कित्येक दशकं झगडावं लागलं. शेवटची मोठी रक्कम मिळाली तेव्हा साल १७७३ होतं आणि हॅरिसन ऐंशीचा झाला होता. लोकांना विचारण्याची रीत आणि श्रेय देताना हात आखडण्याची सवय, दोन्ही या घराण्यात एकदमच आल्या.

दुसरी पिढी घराच्या जवळ आली. १७५४ मध्ये विल्यम शिपली यांच्या पुढाकारानं लंडनच्या एका कॉफीगृहात कला, उत्पादन आणि व्यापाराला उत्तेजन देणारी सोसायटी स्थापन झाली. तिची रीत सरळ होती: समाजाला नडणाऱ्या गोष्टींची यादी छापायची आणि प्रत्येकीपुढे बक्षीस लिहायचं. लंडनच्या घरांतली अरुंद धुराडी साफ करायला तेव्हा लहान मुलांना आत चढवत. मुलं भाजत, गुदमरत, अडकून मरत. या कामासाठी यंत्र करणाऱ्यालाही सोसायटीनं बक्षीस लावलं. जॉर्ज स्मार्ट यानं पोकळ नळ्या एका दोरीत ओवून, टोकाला ब्रश लावून, खालूनच वर सरकवता येणारं साधन केलं आणि सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलं. तरीही इंग्लंडमधली मुलं धुराड्यांतून खऱ्या अर्थानं बाहेर आली ती १८७५ च्या कायद्यानं. शोध लागला म्हणजे तो घराघरांत पोचला असं होत नाही, हा धडा या कुळानं इतक्या लवकर घेतला होता. सोसायटीची आणखी एक अट होती. ज्या वस्तूवर पेटंट घेतलं आहे, तिला बक्षीस नाही. पदक घ्या, पण युक्ती सर्वांची.

फ्रान्समध्ये जवळपास हीच अट निकोला अपेर यांच्यापुढे आली. पेशानं ते मिठाईवाले. अन्न काचेच्या बरण्यांत भरायचं, बुचं घट्ट बसवायची आणि बरण्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. मग अन्न महिनोन्‌महिने टिकतं, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या खटपटीतून शोधून काढलं. ते का टिकतं, याचा उलगडा पुढे पाश्चरनं केला. १८१० मध्ये फ्रेंच गृहमंत्रालयानं अपेर यांना १२,००० फ्रँक दिले, ते कृती छापून सर्वांना खुली करण्याच्या अटीवर. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडनं धातूच्या डब्यासह अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं आणि डबाबंद अन्नाचा धंदा तिकडे उभा राहिला. अपेर १८४१ मध्ये हलाखीत वारले.

या डब्याच्या कथेत आणखी एक गोष्ट दडली आहे. डबे बाजारात आले, पण डबे उघडायचं हत्यार आलं १८५० च्या दशकात. मधली चाळीसेक वर्षं लोक छिन्नी आणि हातोडीनं डबे फोडत होते. डबा बंद करणाऱ्यांनी तो उघडणाऱ्यांना काही विचारलंच नव्हतं. घरगुती वस्तूंच्या इतिहासात हे पुनःपुन्हा दिसतं: कारखान्याला वस्तू बनवण्याची अडचण कळते, वापरण्याची कळत नाही.

ती अडचण ज्यांना कळत होती त्यांनी मग घरातच कारखाना थाटला. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ यांना कॉफीत उतरणारा गाळ नकोसा झाला होता. त्यांनी पितळेच्या भांड्याला खिळ्यानं भोकं पाडली, त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला आणि वरून कॉफी ओतली. १९०८ मध्ये त्यांनी हे साधन नोंदवलं आणि नवऱ्याला घेऊन कंपनी काढली. त्यांच्या नावाचे फिल्टर आजही विकले जातात. या कुळात स्वतःच्या वस्तूवर स्वतःचं नाव टिकवणारी माणसं थोडी, आणि बाई त्यांतली एक, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्या अभियंता आणि मानसशास्त्रज्ञ होत्या आणि बारा मुलांची आईही. स्वयंपाकघरातला ओटा, शेगडी, मोरी किती उंच असावी, हे त्यांनी हजारो स्त्रियांना विचारून ठरवलं. पायानं उघडणारी कचरापेटी आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेयही त्यांना दिलं जातं. एकीच्या तक्रारीतून एक शोध निघतो. हजारो तक्रारी एकत्र मांडल्या की माप निघतं. लोकांना विचारण्याचं हे शास्त्र इथे सुरू झालं.

विचारण्याची जागा मग वर्तमानपत्रानं घेतली. १९५९ मध्ये होनोलुलूच्या दैनिकात हेलोईस या गृहिणीनं वाचकांच्या देवाणघेवाणीचं सदर सुरू केलं. डाग कसे काढायचे, जळालेलं भांडं कसं सोडवायचं, असल्या युक्त्या एका वाचकानं पाठवायच्या आणि हजारोंनी वापरायच्या. दोनच वर्षांत ते देशभरच्या वर्तमानपत्रांत जाऊ लागलं. मराठी मासिकं आणि रविवारच्या पुरवण्यांतही वाचकांच्या घरगुती युक्त्यांची सदरं रुजली. ज्ञान फुकट वाटलं जात होतं. मोबदला एवढाच, की आपलं नाव आणि गावाचं नाव छापून येई. तेवढ्यासाठीही लोक हौसेनं लिहीत.

हे सगळं किरकोळ नाही, हे एरिक फॉन हिप्पेल यांनी दाखवून दिलं. अमेरिकेतल्या एमआयटीचे हे प्राध्यापक १९७० च्या दशकापासून एकच प्रश्न घेऊन बसले होते: नवी वस्तू आधी कोण करतं, विकणारा की वापरणारा? वैज्ञानिक उपकरणांतल्या महत्त्वाच्या सुधारणा बहुतांशी वापरणाऱ्यांनीच केल्याचं त्यांना आढळलं. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह ब्रिटनमध्ये पाहणी केली. तिथे १८ वर्षांवरील सुमारे ६ टक्के लोकांनी, म्हणजे जवळपास २९ लाख जणांनी, मागच्या तीन वर्षांत स्वतःच्या वापरासाठी एखादी वस्तू घडवली किंवा सुधारली होती. पेटंटच्या वाटेला गेलेले अगदी थोडे. एवढं मोठं कसब घराघरांत पडून होतं, बिननोंदीचं.

जपाननं ते उचललं. कोहेई निशियामा यांच्या टोक्योतल्या कंपनीनं १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून लोकांना हव्या असलेल्या वस्तूंची इंटरनेटवर मागणी नोंदवायला सुरुवात केली. पुरेशी मागणी जमली की निर्मात्याकडे जायचं. मुजी या जपानी कंपनीनं ही रीत आपलीशी केली आणि अंगाच्या ठेवणीप्रमाणे आकार घेणारी गादीवजा बैठक तिच्या घरगुती वस्तूंत आली. पुढे संशोधकांनी मुजीच्या विक्रीचे आकडे तपासले, तेव्हा ग्राहकांच्या कल्पनांतून आलेल्या वस्तू तिथल्या डिझायनरांच्या वस्तूंपेक्षा अधिक खपल्याचं दिसलं. २००६ मध्ये जेफ हाव या अमेरिकी पत्रकारानं अशा सर्व प्रयोगांना ‘क्राउडसोर्सिंग’ हे नाव दिलं.

या वळणावर बेन कॉफमन आला. शाळा सुटता सुटता त्यानं आयपॉडच्या जोडवस्तू करणारी ‘मोफी’ ही कंपनी काढली होती. २००७ च्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात त्यानं येणाऱ्यांच्या हाती कोरे कागद दिले आणि सांगितलं, तुम्हीच काढा आमच्या पुढच्या वस्तूंची चित्रं. लोकांनी काढली, लोकांनीच निवडली. ती कंपनी विकून २००९ मध्ये त्यानं क्वर्की सुरू केली. कोणीही कल्पना पाठवायची, सदस्यांनी मतं द्यायची, दर गुरुवारी न्यूयॉर्कच्या कचेरीत उघड बैठक भरवून निवड करायची आणि निवडलेली वस्तू कंपनीनं बनवून दुकानांत पोचवायची.

क्वर्कीचं खरं नवेपण मला तिच्या खतावणीत दिसतं. मूळ कल्पना कोणाची, बिजागरी कोणी सुचवली, नाव कोणाच्या डोक्यातून आलं, याची नोंद माणशी ठेवली जाई आणि त्या प्रमाणात विक्रीतला हिस्सा वाटला जाई. वस्तूच्या खोक्यावर शोधकाचं नाव आणि छायाचित्र येई. हॅरिसन ज्यासाठी झगडला आणि अपेरना जे लाभलं नाही, ते इथे कंपनीच्या रचनेतच बसवलेलं होतं.

तरीही क्वर्की कोसळली. मोठमोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे आले. २०१३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं आपली पेटंटं वापरायला दिली आणि ३ कोटी डॉलर गुंतवले. वस्तूंचा ओघ वाढला. फ्रिजमध्ये किती अंडी उरली ते फोनवर सांगणारा ट्रे निघाला, फोनवरून चालणारा खिडकीतला एसी निघाला. पण प्लास्टिकच्या प्रत्येक वस्तूला स्वतःची डाय लागते. ती पोलादातून कोरायला भरपूर पैसा जातो आणि हजारो नग विकले तरच तो फिटतो. बोर्ड, ट्रे, एसी यांची डाय वेगळी, कारखाना वेगळा, दुरुस्ती वेगळी. एका वस्तूतलं शहाणपण दुसरीच्या कामी येत नव्हतं. शिवाय मत द्यायला पैसे पडत नाहीत, विकत घ्यायला पडतात. भरभरून मतं मिळालेल्या वस्तू दुकानांत पडून राहिल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये क्वर्कीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि अनेक शोधकांचे वाटेही अडकले. लोकांच्या कल्पना संपल्या म्हणून हे झालं नाही. त्या पेलणारा, सावकाश आणि नेमका निवडणारा कारखाना तिच्यापाशी नव्हता.

याच कुळाची एक शाखा इंटरनेटच्या आधी भारतात फुटली होती. अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीला ‘हनी बी नेटवर्क’ सुरू केलं. गावोगावच्या लोकांच्या युक्त्या गोळा करायच्या, त्या त्यांच्याच भाषेत परत पोचवायच्या आणि ज्याची युक्ती त्याचं नाव कधीही गाळायचं नाही, हे त्याचे नियम. १९९८ पासून कार्यकर्ते शोधयात्रा काढून गावं पायी तुडवू लागले. २००० मध्ये सरकारच्या मदतीनं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान उभं राहिलं आणि त्याचं अध्यक्षपद डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी सांभाळलं. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांचा विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रिज या जाळ्यातून देशभर पोचला. वरच्या कप्प्यातलं पाणी भिंतींतून झिरपतं, त्याचं बाष्प होताना आतली उष्णता निघून जाते आणि भाजी ताजी राहते. कुंभाराला माठाचं हे शास्त्र हातानं ठाऊक होतं.

नावाचा प्रश्न किती जिवावरचा आहे, हे महाराष्ट्राला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शिकवलं. स्वतःच्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचून, पुन्हा पुन्हा पेरून त्यांनी एचएमटी हा भाताचा वाण निवडला. तो अनेक राज्यांत पेरला गेला, लाखो ताटांत गेला. कृषी विद्यापीठानं त्यावर काम करून १९९८ मध्ये आपल्या नावाचा वाण प्रसारित केला, तेव्हा दादाजींचं नाव मागे पडलं. २००५ मध्ये नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचा गौरव केला. पण पैशाची ओढाताण सुटली नाही. २०१८ मध्ये ते गरिबीतच गेले. त्यांच्या भातावर इतके जण जेवले आणि इतके जण कमावले, तरी त्या कमाईतला वाटा त्यांच्या दारी पोचेल अशी खतावणी कोणी ठेवली नव्हती.

आज कल्पना गोळा करायला एक फोन पुरतो, म्हणून ही रीत सोपी झाली असं वाटतं. अवघड भाग तोच राहिला आहे. एखादा बचत गट, आयटीआय किंवा छोटा कारखानदार लोकांच्या कल्पनांतून घरगुती वस्तू करायला निघाला, तर त्यानं या घराण्याच्या तीन गोष्टी उचलाव्यात. डबा बंद करण्याआधी तो उघडणाऱ्याला विचारावं. मोजक्याच वस्तू निवडून त्या तडीला न्याव्यात. आणि डायवर पहिला पैसा घालण्याआधी कोणाचं काय योगदान आहे आणि त्याला किती वाटा, हे त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यावं. तेवढं केलं तर लोक आपली गाऱ्हाणी घेऊन पुन्हा येतील, आणि लोक पुन्हा येत राहिले तरच हे कूळ पुढे चालेल.