सरवा

आमच्या चर्चच्या आवारात गोरसआंबलीचं एक जुनं झाड आहे. महाराष्ट्रातून आलेली मंडळी त्याला विलायती चिंच म्हणतात. होळीच्या सुमारास त्याच्या वळलेल्या शेंगा उकलू लागतात, आणि मग त्या झाडाचे हक्कदार ठरलेले असतात. सकाळी पोपट, दुपारी मागच्या वस्तीतली मुलं. पोपट एक शेंग खातो तर दोन पाडतो, आणि पाडलेल्या शेंगा मुलं वेचतात. हा व्यवहार वर्षानुवर्षं चालला होता. गेल्या उन्हाळ्यात मुलांचा एक दगड खिडकीच्या काचेला लागला, आणि मागच्या फाटकाला कुलूप बसलं. ते बसवणाऱ्यांत आम्हीही होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत युवकांच्या बायबल वर्गात रूथचं पुस्तक वाचायला घेतलं. दुसऱ्या अध्यायात 'सरवा' हा शब्द आला आणि वडोदऱ्यात वाढलेल्या आमच्या मुलांनी विचारलं, सरवा म्हणजे काय? पीक कापून नेल्यावर शेतात जी कणसं, जे दाणे पडून राहतात, तो सरवा. आपल्या आज्या-पणज्यांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता. त्यांतल्या कित्येकींनी सरवा वेचलेला होता.

रूथची गोष्ट आपण सासू-सुनेच्या प्रेमाची म्हणून सांगतो, पण तिची सुरुवात दुष्काळाने होते. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर. त्या भाकरीच्या घरातच भाकरी संपली म्हणून नामीचं कुटुंब परदेशी गेलं. परत आली तेव्हा ती विधवा होती, आणि सोबत मवाबी सून, तीही विधवा. अशा बाईने जगायचं कसं? त्याचं उत्तर रूथच्या फार आधी नियमशास्त्रात लिहून ठेवलेलं होतं. लेवीयच्या १९व्या अध्यायात शेतकऱ्याला बजावलं आहे की शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, पडलेलं उचलू नकोस, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. इथे दान हा शब्द नाही, हे लक्षात घ्यावं. शेताची कड मुळातच मालकाची धरलेली नाही. निर्गमच्या २३व्या अध्यायात तर याहून पुढचं आहे: सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, तिथे आपोआप उगवेल ते गरिबांनी खायचं, आणि गरिबांकडून उरेल ते रानातल्या जनावरांनी. गरीब आणि जनावर एकाच वाक्यात, एकाच पंगतीला.

यहुदी शास्त्र्यांनी या कडेचा पुढे चांगलाच कीस पाडला. मिश्ना नावाच्या त्यांच्या ग्रंथात कड किती सोडायची तर निदान साठावा हिस्सा, असं ठरवलेलं आहे. त्यातच एक प्रश्न आम्हाला फार आवडला. शेतातल्या मुंग्यांच्या बिळांत जे दाणे सापडतात ते कोणाचे? उत्तर असं: कापणी व्हायच्या आधी मालकाचे, कापणारे पुढे गेल्यावर वरचे गरिबांचे आणि खालचे मालकाचे. त्यावर रब्बी मेईर म्हणाले की सगळेच गरिबांचे, कारण सरव्याबद्दल शंका असेल तिथे तो सरवाच धरायचा.

मुंग्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवाटेला जाऊ. नीतिसूत्रांत शलमोन आळशी माणसाला मुंगीकडे पाठवतो, कारण ती उन्हाळ्यात आपलं अन्न साठवते. युरोपातल्या निसर्गअभ्यासकांनी यावर बरीच मान हलवली होती. त्यांच्या थंड प्रदेशातल्या मुंग्या दाणे साठवत नाहीत, म्हणून शलमोनाची काही चूक झाली असावी असं त्यांचं म्हणणं. या शंकेला उत्तर मिळालं ते पुण्यात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२९ साली तिथे मुंग्यांच्या बिळांपाशी गवताच्या बियांचे लहान लहान ढीग पाहिले. पावसात भिजलेलं बी मुंग्यांनी उन्हात वाळत घातलं होतं. आपल्याकडे पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या कोणत्याही बाईला त्यात नवल वाटलं नसतं.

पण साठा तेव्हाच होतो, जेव्हा वेचायला काही असतं. आणि वेचायला कोण जाऊ शकतो, हा प्रश्न आपल्या या भागात फार महाग पडलेला आहे.

वडोदऱ्याहून पूर्वेला छोटा उदेपूरच्या, जांबुघोड्याच्या बाजूला गेलं की मोहाची झाडं लागतात. गुजरातीत महुडो. साधारण मार्च-एप्रिलमध्ये त्याची मांसल, गोड फुलं रात्रीतून आणि पहाटे गळून पडतात. राठवा आणि भिल्ल कुटुंबं अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढेपर्यंत वेचणी आटपावी लागते. झाडाखालची जमीन आधी झाडून ठेवलेली असते. ही फुलं उकडून खातात, वाळवून वर्षभर ठेवतात, विकतात, त्यांची दारूही गाळतात. पुढे झाडाला फळ धरतं, त्याच्या बीला डोळी म्हणतात, तिचं तेल काढतात. मोहाची फुलं अस्वलालाही अतिशय प्रिय. तेही त्याच वेळी त्याच झाडाखाली येतं. अंधारात वाकून वेचणारी बाई आणि वाकून खाणारं अस्वल एकमेकांना दिसत नाहीत, आणि मग दुर्घटना होतात. आजही होतात.

निर्गमच्या १६व्या अध्यायातला मान्ना आम्हाला या फुलांमुळे नव्याने कळला. तोही रात्रीतून पडायचा, सकाळी सकाळी वेचावा लागायचा आणि ऊन तापलं की वितळायचा. फरक एवढाच की मान्ना दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत; मोहाचं फूल वाळवलं की वर्षभर टिकतं. स्वर्गातून भाकरी पडली असं आपण म्हणतो तेव्हा लेकरं बसून होती असं चित्र डोळ्यांपुढे येतं. खरं तर इस्राएल लोक रोज पहाटे कंबर वाकवून वेचत होते.

या वेचणीवर सरकारची नजर गेली ती अबकारी कराच्या पायी. घरोघरी मोहाची दारू निघाली तर सरकारी मक्त्याच्या दुकानात कोण येणार? १८७८च्या वनकायद्याने जंगलं राखीव होऊ लागलीच होती. मग १८९२ साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा आणला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती गोळा करण्यावर, बाळगण्यावर निर्बंध घातले. लोकांनी सांगून पाहिलं की हे गरिबांचं अन्न आहे. सरकारच्या हिशेबात ते दारूचा कच्चा माल होतं. शेताची कड पार शेवटपर्यंत कापणं म्हणजे हेच.

त्यानंतर सात वर्षांनी छप्पनिया आला. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००चा दुष्काळ. गुजरात ही सुपीक भूमी, इथे दुष्काळ येत नाही असा लोकांचा समज होता. १८९९चा पाऊस फसला. आधी गुरं गेली, मग माणसं रस्त्यावर आली. गवताचं बी, झाडाची साल, पाला, जे मिळेल ते पोटात गेलं. १९००च्या उन्हाळ्यात पटकी आली. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१च्या खानेसुमारीत २४,१५,३९६ होती. १९०१मध्ये ती १९,५२,६९२ भरली. सगळेच मेले असं नाही, काही परागंदा झाले, पण साडेचार लाखांहून अधिक माणसं हिशेबातून गेली. सयाजीराव महाराज स्वतः दुष्काळी मुलखातून फिरले. त्या दौऱ्याची टिपणं १९०१ साली पुस्तकरूपाने छापली गेली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून ते दत्तक आलेले. सुकलेलं शेत म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नसावी.

त्याच १९०० साली महाराष्ट्रातून काही स्त्रिया गुजरातेत उतरल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनातून त्यांना पाठवलं होतं. उपाशी, निराधार मुली आणि बायका शोधून केडगावला न्यायच्या, हे त्यांचं काम. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांच्या गोष्टी सांगताना आपण रमाबाईंच्या विद्वत्तेबद्दल पुष्कळ बोलतो. त्यांना भुकेची माहिती कुठून झाली, हे मात्र क्वचित सांगतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी मुलीला आईने संस्कृत शिकवलं. भागवताचे १८,००० श्लोक तिला मुखोद्गत होते असं सांगतात. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थाटन करत फिरे. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं एक एक विकून झालं. कुळाचा अभिमान असा की मजुरी करायची नाही आणि भीकही मागायची नाही. शेवटचा दाणा संपल्यावर, ओळखीच्या लोकांत लाज नको म्हणून, मरायचं ठरवून सगळे रानात शिरले. तिथे अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडांचा पाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढल्या. ही हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे वडील गेले, मग आई, मग बहीण. भावासोबत त्या उत्तरेकडे चालत राहिल्या. थंडीत झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन झोपल्याचंही त्यांनी लिहिलं आहे.

त्या अकरा दिवसांवर आम्ही बराच विचार केला. अठरा हजार श्लोक येणाऱ्या घराला रानात फक्त पाला आणि मूठभर शिंदीची फळं सापडली. सह्याद्रीतल्या एखाद्या कातकरी बाईला कंद सापडले असते. कडू कंद असला तर त्याच्या चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून त्याचं विष काढायचं, हेही तिला ठाऊक असतं. ज्याला आपण अडाणीपणाचं खाणं म्हणतो ती एक विद्या आहे, आणि ती नसेल तर काय होतं ते २ राजेच्या चौथ्या अध्यायात आहे. दुष्काळात अलीशाच्या शिष्यांपैकी एक जण भाजी शोधायला गेला, अनोळखी रानवेलीची फळं ओटीभर आणून त्याने हंड्यात चिरली, आणि जेवणाऱ्यांनी ओरड केली की हंड्यात मरण आहे. इंद्रावणासारखी कडू फळं असावीत ती. अलीशाने पीठ टाकून ते अन्न खाण्याजोगं केलं, पण तोवर शिष्यांची चांगलीच फजिती झाली होती.

१८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे धावल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. १९००मध्ये गुजरातची पाळी. शतक पालटताना मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. त्या मुलींना तिथे शेती, विणकाम, छपाई अशी कामं शिकवली जात. मजुरीची लाज बाळगल्यामुळे आपल्या घराचं काय झालं, हे बाईंनी पाहिलेलं होतं.

गुजरातेतही वेगवेगळ्या मिशनांनी तेव्हा अनाथालयं उघडली. इथल्या पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ मागे नेली की छप्पनियातल्या एखाद्या अनाथ मुलापाशी थांबते. यावरून टोमणाही ऐकावा लागतो की तुम्ही पोटासाठी ख्रिस्ती झालात. आमच्या तरुणांना तो बोचतो आणि ते लगेच वाद घालायला उठतात. आम्हाला वाटतं वाद घालू नये. योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू स्वतः लोकांना म्हणतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता आहात. त्याला ते माहीत होतं. माहीत असूनही त्याने आधी पाच हजारांना जेवू घातलं, आणि उरलेले तुकडे गोळा करायला सांगितलं. आपल्या पणजोबाला भूक लागली होती, हे लपवण्यासारखं नाही. मात्र भुकेल्याच्या तोंडी घास देऊन त्यावर आपला शिक्का मारणारे मिशनरी तेव्हा नव्हतेच, असंही आम्ही म्हणणार नाही.

रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मूळ भाषांवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. त्याची छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. १९२२मध्ये बाई वारल्या. पूर्ण बायबल १९२४ साली निघालं. सरवा वेचणारी रूथ, हंड्यातलं मरण, मान्ना, कावळ्यांनी भाकरी आणून दिलेला एलिया, हे सगळं पाला खाऊन जगलेल्या एका बाईच्या हातून मराठीत आलं.

मोहाची फुलं आज कायद्याने वेचता येतात. २००६च्या वनाधिकार कायद्याने रानातलं असं गौण उत्पन्न गोळा करण्याचा आणि विकण्याचा वनवासींचा हक्क मान्य केला. आमच्या मराठी शेजारणी ऋषिपंचमीला नांगर न लागलेल्या जमिनीतलंच खातात, त्या भाजीसाठी आदल्या दिवशी बाजारात गर्दी असते. विकणाऱ्या बायका बहुधा त्याच बाजूच्या खेड्यांतून आलेल्या असतात.

बवाजाने आपल्या गड्यांना सांगितलं होतं की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम गाळा आणि ती वेचेल तेव्हा तिला धमकावू नका. त्या संध्याकाळी रूथने झोडपलं तेव्हा एफाभर जव निघाले, आजच्या मापाने वीस-बावीस लिटर. बायबल वर्गातल्या एका मुलीने हे ऐकून विचारलं, "मग आपल्या फाटकाला कुलूप का आहे?" आम्ही काचेची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, काचेला जाळी लावता येते.

जाळीचा खर्च फार नाही. पुढच्या बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत. त्याच बैठकीत मागच्या भिंतीवर काचांचे तुकडे लावण्याचाही प्रस्ताव आहे. झाडावर सध्या फुलोरा आहे. शेंगा धरायला अजून अवकाश आहे.