नूडल्सच्या पाण्यात तेल कशाला?

नूडल्स उकळताना पाण्यात चमचाभर तेल घालावे, म्हणजे त्या एकमेकींना चिकटत नाहीत. शिजल्या की लगेच नळाखाली धरून गार पाण्याने खळखळून धुवाव्यात, म्हणजे मोकळ्या राहतात. हा नियम आपल्या घरांत इतका मुरला आहे की हक्का नूडल्स असोत, स्पॅगेटी असो की गव्हाच्या शेवया, सगळ्यांना तोच लावला जातो. माझ्या मते त्याचा पहिला भाग चुकीच्या कारणावर उभा आहे. दुसरा भाग काही नूडल्सपुरता खरा आहे, पण सरसकट लावल्यामुळे चांगला पदार्थ बिघडवतो.

पूर्वपक्ष पोकळ नाही. हाताला तेल लावले की कणीक चिकटत नाही, हे रोज दिसते. पातेल्यातही तसेच घडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. तेल घातलेले पाणी कमी उतू जाते, हेही खरे. तेलाने फेसाचे बुडबुडे लवकर फुटतात. पण उतू न जाणे वेगळे आणि न चिकटणे वेगळे. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते, नूडल्स खाली शिजतात. उकळीबरोबर काही थेंब खाली-वर होतात, पण पाण्याने भिजलेल्या नूडल्सवर ते ठरत नाहीत. तेल त्यांना खरे लागते ते चाळणीत ओतताना, म्हणजे शिजणे संपल्यावर. ज्यांना चिकटायचे होते त्या तोवर चिकटून बसलेल्या असतात.

चिकटण्याची वेळ कोणती, हे इथे महत्त्वाचे आहे. नूडल्स गरम पाण्यात पडल्या की त्यांच्या बाहेरच्या थरातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, काही फुटतात आणि पृष्ठभागावर खळीसारखा चिकट थर येतो. पहिल्या एक-दोन मिनिटांत दोन नूडल्स शेजारी पडून राहिल्या तर त्यांचे थर मिळून एक होतात आणि मग सुटत नाहीत. या काळात लांब काट्याने किंवा चिमट्याने त्या सतत हलवत राहिल्या, तर बाहेरचा सुटा स्टार्च पाण्यात विरघळतो आणि पुढे चिकटण्याचे भय बरेच ओसरते. नूडल्स टाकून, तेल घातले आहे म्हणून निर्धास्त होऊन दुसऱ्या कामाला लागणे, हेच गोळा होण्याचे खरे कारण आहे.

पिठाचाही वाटा आहे. सुका इटालियन पास्ता होतो तो ड्युरम गव्हाच्या रव्याचा. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा, म्हणून बन्सी रव्याच्या शेवया शिजून अंग धरून राहतात. त्यातल्या प्रथिनांची जाळी उष्णतेने घट्ट होते आणि स्टार्चला आत अडवते. मैद्याच्या नूडल्सची जाळी त्यामानाने सैल असते, त्या पाण्यात जास्त स्टार्च सोडतात. मैद्याच्या नूडल्स दोन मिनिटे जास्त उकळल्या तर कोणत्याही तेलाने त्या सावरत नाहीत.

आता धुण्याकडे वळू. जपानी सोबा शिजल्यावर थंड पाण्यात चोळून धुतात, कारण ती अनेकदा गारच खायची असते आणि तिचा बाहेरचा चिकटपणा नको असतो. रामेनच्या पिवळसर नूडल्स पापडखारासारख्या क्षाराने मळलेल्या असतात. त्या वेगळ्या पाण्यात उकळून ते क्षाराचे पाणी रश्शात येऊ देत नाहीत. मोठ्या आचेवर परतायच्या हक्का नूडल्सही धुवाव्यात, हे मला मान्य आहे. पण धुण्याचे कारण त्या-त्या पदार्थात आहे, नूडल्स असण्यात नाही. टोमॅटोच्या किंवा चीजच्या सॉसमध्ये जायची स्पॅगेटी धुतली, तर सॉसला धरून ठेवणारा थर वाहून जातो, स्पॅगेटी गार पडते आणि ताटात सॉस एकीकडे व पास्ता दुसरीकडे असे होते. विदर्भातले सरगुंडे उकडून, वेळून, गरम असतानाच आमरसाबरोबर वाढतात. तिथे नळ कुठे मध्ये येतो?

मग हा नियम आला कुठून? चायनीजच्या गाडीवर नूडल्स कशा ठेवलेल्या असतात ते पाहावे. त्या आधीच मोठ्या प्रमाणात उकळून, गार करून, तेल लावून ढिगाने ठेवलेल्या असतात आणि मागणी आली की मूठभर कढईत जातात. तासन्तास ठेवायच्या नूडल्सना गार पाणी आणि तेल हवेच. नाहीतर त्या आतल्या उष्णतेने शिजत राहतील आणि त्यांचा लगदा होईल. हा साठवणीचा उपाय आहे. घरी उकळून दहा मिनिटांत जेवायला बसणाऱ्यांनी तो शिजवण्याचा नियम म्हणून उचलला, तिथे घोटाळा झाला.

हक्का नूडल्स घरी बिघडतात त्या मात्र धुण्याने नव्हे, अर्धवट निथळण्याने. चाळणी दोनदा झटकली आणि नूडल्स कढईत टाकल्या, की अडकलेले पाणी वाफ होऊ लागते; कढईची आच पडते, परतण्याऐवजी नूडल्स वाफेत शिजतात आणि तुटतात. त्या किंचित कच्च्या असतानाच उतरवाव्यात, धुवाव्यात, चाळणी तिरकी करून नीट निथळू द्याव्यात आणि मोठ्या ताटात पसरून पृष्ठभाग कोरडा होऊ द्यावा. मग चमचाभर तेल हाताने चोळावे. पातेल्यात वाया जाणाऱ्या तेलाची खरी जागा ही आहे.

पाणी किती, यावरही जुना आग्रह आहे. 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ, हे इटालियन प्रमाण प्रसिद्ध आहे. अन्नशास्त्रावर लिहिणारे हॅरल्ड मॅकगी यांनी 2009 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले की सुमारे 450 ग्रॅम सुका पास्ता दीड-दोन लिटर पाण्यात, तोही थंड पाण्यापासून सुरुवात करून, नीट शिजतो. फक्त ढवळत राहावे लागते. कमी पाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे ते दाट होते. पुरणाच्या डाळीचा कट आपण फेकत नाही, त्याची आमटी करतो. पास्त्याच्या पाण्यालाही तोच मान हवा. त्यातल्या स्टार्चमुळे सॉसमधले तेल आणि पाणी एकजीव होते. जपानमध्ये सोबा उकळलेले पाणी, सोबायू, जेवणाच्या शेवटी प्यायला देतात. ताज्या, पीठ भुरभुरवलेल्या नूडल्सना मात्र भरपूर पाणीच हवे.

मिठाने पाणी जास्त तापते म्हणून ते घालावे, हे म्हणणेही टिकत नाही. लिटरला 10 ग्रॅम मिठाने उत्कलनबिंदू एक अंशाच्या पाचव्या भागाइतकाही वाढत नाही. मीठ चवीसाठी घालायचे, कारण सुक्या इटालियन पास्त्यात ते नसते. उंचीने पडणारा फरक याहून मोठा असतो. पुण्यात पाणी साधारण 98 अंशांना उकळते, महाबळेश्वरला 95-96 ला. म्हणून पाकिटावरची मिनिटे सगळीकडे सारखी लागू होत नाहीत. एक नूडल काढून दाताखाली चावून पाहणे हाच भरवशाचा मार्ग.

तेव्हा पुढच्या वेळी तेलाची बाटली पातेल्याजवळ नेऊ नका. पहिली दोन मिनिटे ढवळा, गाळण्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढा आणि नूडल्स कशात जाणार आहेत ते ठरवूनच नळ सोडा.