कोंब कोणाला दिसले?

शेतकऱ्यांना बरोबर घेऊन संशोधन केलं तर शेतकऱ्यांचा फायदा होतो, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. आज आपण उलट्या बाजूनं बघणार आहोत. संशोधन करणारी संस्था त्यातून काय शिकते? आणि शिकते म्हणजे तिचं नेमकं काय बदलतं? उदाहरण एकच घेऊ, पण जरा निवांत बघू. त्यासाठी जायचं आहे पेरू देशात.

लिमा शहरात १९७१ साली आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र सुरू झालं. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला, तेव्हा जागा योग्यच होती. केंद्राचं एक प्रयोगक्षेत्र मंतारो खोऱ्यात, हुआंकायो गावाजवळ, समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर होतं. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी हे पीक लागवडीखाली आणलं, त्यांच्याच शेजारी बटाट्याचे तज्ज्ञ येऊन बसले.

काढणीनंतरच्या साठवणीवर काम करणारं एक पथक तिथे होतं. त्यात साठवणीचे तंत्रज्ञ रॉबर्ट बूथ होते आणि मानववंशशास्त्रज्ञही होते. आधी रॉबर्ट वर्गे, नंतर रॉबर्ट रोड्स. (तिघेही रॉबर्ट, त्यामुळे हा इतिहास सांगताना आडनावाशिवाय गत्यंतर नाही.) पथकाचा प्रश्न ठरलेला होता: साठवलेल्या बटाट्याची नासाडी कशी थांबवायची? त्या काळात काढणीनंतरचं नुकसान हा जगभर चर्चेचा विषय होता, आणि असे विषय मुख्यालयातून खाली येतात.

मानववंशशास्त्रज्ञ खेड्यांत बसून ऐकत होते. त्यांच्या कानावर मात्र नासाडीची तक्रार येईना. बटाटा सुरकुतला तर जनावरांना घालतात, किंवा घरातच वापरतात. बायकांचं तर म्हणणं होतं की सुरकुतलेला बटाटा चवीला गोड लागतो! तंत्रज्ञाच्या वहीत जे ‘नुकसान’ म्हणून लिहिलं जात होतं, ते त्या घरात नुकसान नव्हतंच. यावरून पथकात चांगलीच वादावादी झाली. एकाला वाटे की शेतकऱ्याला आपला तोटा कळत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, तोटा कशाला म्हणायचं हे आपल्याला कळत नाही.

वाद तिथेच संपला असता, तर ही गोष्ट सांगायची गरज नव्हती. पण ऐकता ऐकता दुसरीच एक अडचण पुढे आली, आणि ती होती बेण्याची. सुधारित वाण आले होते. पूर्वीपासूनच्या अंधाऱ्या खोलीत ठेवले की त्यांना लांबच लांब पांढरे कोंब फुटायचे. लावणीआधी ते खुडत बसावं लागे. त्यात माणसांचा वेळ जाई आणि बेण्याचा जोरही. हे वाण संशोधन संस्थांमधूनच आलेले होते, हे लक्षात घ्या. म्हणजे खाण्याचा बटाटा बाजूला राहिला आणि बेणं मध्यभागी आलं. संस्थेचं उत्तर सुधारलं असं नाही, तिचा प्रश्नच बदलला. आमच्या मते शिकणं म्हणतात ते इथे घडलं.

पुढचा भाग तंत्राचा. बेण्यावर थेट ऊन नको, पण आडून येणारा उजेड पडू दिला तर कोंब आखूड, जाड आणि हिरवे राहतात. हे तत्त्व काही नवं नव्हतं. युरोपात बेणं उजेडात ठेवायची रीत जुनीच. बटाटाही हिरवा पडतो. असा बटाटा कडवट होतो, खायला चालत नाही. बेण्याला मात्र त्याची काही अडचण नाही. प्रयोगक्षेत्रावर लाकडी ट्रे आणि फटींच्या भिंतींचं कोठार करून बघितलं. आपल्याकडची कांदाचाळ डोळ्यांसमोर आणा, साधारण तसंच.

शेतकऱ्यांना तत्त्व पटलं, पण वेगळं कोठार कोणाला हवं होतं? त्यांचा बटाटा घरातच असतो, नजरेसमोर. मग प्रयोग त्यांच्या घरांत हलवले. ज्या घरांना पडवी होती तिथे उजेड आयताच मिळत होता. कोणी पडवीत फळ्या टाकल्या, कोणी वळचणीखाली मांडणी केली. मूळ नमुना जसाच्या तसा फार थोड्यांनी उचलला. फिलिपिन्स, श्रीलंका, ग्वाटेमाला अशा देशांत ही पद्धत गेली तेव्हाही हेच झालं.

त्यामुळे संस्थेपुढे हिशेबाचा एक पेच आला. आपलं तंत्रज्ञान किती जणांनी ‘स्वीकारलं’, हे मोजायची सवय असते; देणगीदारांनाही तोच आकडा हवा असतो. इथे तर प्रत्येकानं काहीतरी वेगळंच केलेलं! रोड्स आणि बूथ यांनी १९८२ साली या अनुभवावर निबंध लिहिला आणि त्या पद्धतीला ‘शेतकऱ्यापासून पुन्हा शेतकऱ्यापर्यंत’ या अर्थाचं नाव दिलं. शेतकऱ्यानं केलेला फेरफार हा त्यांनी संशोधनाचाच भाग मानला. त्या निबंधावर दोन सह्या आहेत, एक तंत्रज्ञाची आणि एक मानववंशशास्त्रज्ञाची, आणि आम्हाला हे महत्त्वाचं वाटतं. हेच निरीक्षण दुसऱ्या विभागाचा अहवाल म्हणून आलं असतं, तर कपाटात गेलं असतं. एकाच पथकात रोज भांडावं लागलं म्हणून ते टिकलं.

आता या यशाची मर्यादा बघू. १९८९ साली स्टीफन बिग्ज यांनी नऊ देशांच्या संशोधन व्यवस्थांचा आढावा घेऊन सहभागाचे चार प्रकार सांगितले. पहिला ठेक्याचा: शेतकऱ्याची जमीन वापरायची, बाकी सगळं आपलं. दुसरा सल्ल्याचा: विचारायचं, ठरवायचं आपण. तिसरा जोडीनं काम करण्याचा. चौथा बरोबरीचा, ज्यात शेतकऱ्यांच्या स्वतःच्या प्रयोगांना संस्था बळ देते. मंतारोचं काम सल्ल्यापासून सुरू होऊन जोडीच्या कामापर्यंत नक्की पोचलं. पण बरोबरी? बेण्यावर काम करायचं हे पडवीतल्या बोलण्यातून ठरलं खरं, तरी साठवणीच्या पथकाला किती वर्षं पैसा द्यायचा, हे ठरवणाऱ्या टेबलाशी त्या पडवीतलं कोणी नव्हतं.