कंजुषाची एक कवडी

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) अपूर्णांकांचे एक गमतीदार गणित आहे. एका कंजुषाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा हिस्सा आणि त्याचाही चौथा हिस्सा दिला. तर याचकाच्या हाती काय पडले? गुणाकार केल्यास १/१२८० द्रम्म हे उत्तर येते. आता त्याच ग्रंथातले कोष्टक पाहू. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. म्हणजे १२८० कवड्या. दान बरोबर एका कवडीचे! 'कवडीचुंबक' हा शब्द वर्गात समजावून द्यायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटण लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख तेथे आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या या मठात शिकवल्या जाणाऱ्या गणिताचे सर्वांत लहान एकक मात्र समुद्रातल्या एका गोगलगायीचे कवच होते.

ही गोगलगाय म्हणजे मोनेटारिया मोनेटा. नावातला 'मोनेटा' हा लॅटिन शब्द नाण्याचा. तो लिनियसने १७५८ मध्ये दिला. उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात, प्रवाळखडकांवर ती राहते. लहानपणी तिचे कवच पातळ आणि तोंड रुंद असते. वयात आल्यावर तोंडाची कडा आत वळते, तिला दाते फुटतात आणि वाढ थांबते. पुढे कवच फक्त जाड होत जाते. त्यामुळे कवड्या साधारण एकाच मापाच्या, दोनेक सेंटिमीटरच्या मिळतात. जिवंतपणी शरीराचा मऊ पडदा कवचावर पसरलेला असतो. तोच बाहेरून चकाकीचा थर चढवतो. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या माळेतली कवडी वर्षानुवर्षे चकाकते, ती या थरामुळे. झिजत नाही, मोजायला सोपी आणि नक्कल करणे परवडणार नाही! टांकसाळीला आणखी काय हवे?

कवड्यांचे मोठे आगर मालदीव बेटे. इब्न बतूता तेथे १३४३-४४ मध्ये होता. कवड्या खड्ड्यात पुरून आतले मांस कुजू देतात, असे त्याने लिहिले आहे. तेथे एका सोन्याच्या दीनारला चार लाख, कधी बारा लाखही कवड्या मिळत. पुढे आफ्रिकेतल्या मालीत त्याला भाव दिसला ११५० चा! चार लाखांशी तुलना केली तरी हा फरक सुमारे साडेतीनशे पटींचा. कवच तेच, अंतर वाढले.

हे चलन पूर्व भारतात फार काळ टिकले. ओडिशा १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि तेथे सारा कवड्यांत भरला जाई. कोष्टक असे: ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा कहाण. गुणाकार करून पाहावा. पुन्हा १२८० च. मधली पायरी बदलली, पण साडेसहाशे वर्षांत 'पण' ८० चाच राहिला.

१८०३ मध्ये इंग्रजांनी ओडिशा जिंकला आणि सारा चांदीच्या रुपयांत मागितला. शेतकऱ्याच्या गाठी होत्या कवड्या. सगळेच रुपया शोधू लागल्यावर रुपया महागला, कवडी उतरली आणि तोच सारा भरायला जास्त धान्य विकावे लागले. १८१७ मध्ये खुर्दा भागात पाइकांनी बंड केले. जमिनी गेल्या, मीठ महागले, तशी कवडी बुडाली हेही त्याचे एक कारण होते.